गुंडाळता येणारी पडवी

कपाटाच्या दाराला आतून
आर्व्हिडने पेन्सिलीने लिहून ठेवलंय
छत कसं उघडायचं ते.
आठ पायऱ्या. अक्षर गिचमिड, आकडे मात्र ठसठशीत,
धान्याच्या कोठारावर तीस वर्षं वजनं मांडणाऱ्या माणसाचे.

आर्व्हिड मेलेला नाही.
युमाला गेलाय, डिसेंबरात,
अ‍ॅकॉर्डियन वाजवणाऱ्या एका बाईबरोबर.
जाताना लांब दांडीची आकडी विसरला.
तिच्याशिवाय पट्टा हाताला लागत नाही.

थोरा मोठ्याने वाचते. ऐकायला नुसतं वाळवंट,
आणि पलीकडच्या ट्रेलरमधला डेलबर्ट,
जो ऐकत नसल्यासारखं करतो.
१. दोन्ही दांड्यांचे प्रवासाचे खटके सोड.
२. मागच्या गाठी ढिल्या कर. काढू नकोस.
३. वरची कळ 'खाली'वर ने.
याखाली दोनदा रेघ ओढलेली:
नळीत स्प्रिंग आहे, पिळलेली.
पट्टा हातातून सोडू नकोस. दात पाडेल.

एकोणचाळीस वर्षांत
एवढी काळजी त्याने तोंडी कधी केली नव्हती.

४. पट्ट्यात आकडी अडकव आणि मागे चालत ये.
थोरा मागे चालत येते.
लग्नात नाचली होती तशी, पाय न बघता.
मोहरी-तपकिरी पट्ट्यांचं कापड
करकरत उलगडतं,
आत गेल्या साली गुंडाळलेला एक मेलेला टोळ,
दोन पानं मिनेसोटाची,
आणि बुरशी, काळी, ठिपक्याठिपक्यांची.
ओलं गुंडाळलं होतं कोणीतरी.
कोणी ते दोघांनाही ठाऊक आहे.

ती बादलीत कोमट पाणी घेते, भांड्यांचा साबण,
मऊ ब्रश. घासते. फेसासकट गुंडाळते,
पाच मिनिटं थांबते, साबणाला मुरू देते,
पुन्हा उलगडते, धुते.
बायकांच्या हातांना हे आधीच माहीत असतं,
फक्त स्टुलावर चढून मान मोडेस्तोवर
वर बघत करायची सवय नसते.
डेलबर्ट म्हणतो, मदत करू?
ती म्हणते, खुर्ची हलव, थेंब पडतील.

५. आडव्या दांड्या सरकव, गाठी आवळ.
६. पाय उंच कर, डोकं लागणार नाही इतके.
७.
सातवी पायरी नाही.
तिथे बेकनच्या तेलाचा बोट-रुंद डाग आहे
आणि डागाच्या पलीकडे एकच शब्द वाचता येतो: 'खाली'.
८. झालं.

झालं तर झालं.
ती सावलीत बसते. चार वाजता सावली
पायांवरून निघून शेजाऱ्याकडे जाते.
कॉफी. रेडिओवर हवामान. पाऊस नाही.

रात्री पाऊस आला.
वाळवंटाचा पाऊस, आला की पाहुण्यासारखा
सगळ्या भांड्यांना हात लावून जाणारा.
सकाळी छताला पोट सुटलेलं,
गाभण गाईसारखं लोंबणारं, आत टबभर पाणी,
दांड्या वाकलेल्या, कुरकुरणाऱ्या.

थोराने केरसुणी उलटी धरली
आणि पोटाला खालून वर रेटलं.
पाणी गेलं.
डेलबर्टच्या पत्त्यांच्या टेबलावर गेलं,
जिथे तो तीन आठवडे
हजार तुकड्यांचं एक दीपगृह जुळवत होता.
समुद्र जवळजवळ पूर्ण झाला होता.

दोघं बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग डेलबर्ट म्हणाला, एक पाय आखूड ठेवायचा असतो.
उतार लागतो ना.
आधी का नाही सांगितलंस?
खुर्ची हलव म्हणालीस तेवढीच हलवली.

तिने पेन आणलं. पेन्सिल नव्हे.
डागावर शाई धरेना, म्हणून शेजारी लिहिलं:
७. डावा पाय चार बोटं खाली.
आणि कंसात, कोणासाठी ते तिलाही कळलं नाही:
(वारा सुटला तर हे सगळं विसर, आधी गुंडाळ.)

मार्चमध्ये आर्व्हिडचा फोन आला.
आवाजामागे कोणीतरी सूर लावत होतं, तोच तोच.
इकडे वारा फार आहे, म्हणाला.
मग, जरा थांबून:
ती आकडी तिथे राहिलीय का गं?
बाजारात त्या मापाची मिळत नाही.

आकडी थोराच्या हातात होती.
बघते, ती म्हणाली,
फोन खुर्चीवर पालथा ठेवला,
आणि पट्ट्यात आकडी अडकवून
मागे चालू लागली.